नाव सांगू की विश्वास राखू?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या पोलीस दलात ११ वर्षं आहेत. दोन वर्षांपूर्वी एका दाट वस्तीचं बीट त्यांच्याकडे आलं. सुरुवातीला त्या गल्लीत शिरल्या की दारं लागायची. त्या रोज पायी फिरत राहिल्या, माणसांची नावं लक्षात ठेवली, बायकांच्या तक्रारी टाळल्या नाहीत. हळूहळू लोक बोलायला लागले. महिन्यापूर्वी एका आईने त्यांना बाजूला घेतलं. तिचा १७ वर्षांचा मुलगा मोठ्या पोरांच्या नादी लागलाय, घरात भलत्यांचे फोन दिसतात, एका बंद घराबद्दलची त्यांची कुजबुज तिने ऐकली. "ताई, कुठे लिहू नका, पण काहीतरी करा." यांनी शब्द दिला. ड्युटी संपल्यावर साध्या कपड्यांत त्या बंद घरासमोर चकरा मारल्या. तिथे काही झालं नाही. दहा दिवसांनी मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या घराचं कुलूप मात्र तुटलं. आता साहेब म्हणतात, वस्तीत तुमचं एवढं चांगलं आहे तर नावं आणा. सहकारी म्हणतात, समाजसेवा पुरे, काम करा. नाव दिलं तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात, नाही दिलं तर वर्दीशी बेइमानी. त्यात चार महिन्यांवर बदली. "मग हे सगळं केलं तरी कशासाठी?" असं त्यांनी विचारलं आहे.

तुमच्या पत्रात तीन बायका आहेत. एक तुम्ही, एक ती आई. तिसरी एका वाक्यापुरती येऊन जाते, जिच्या घराचं कुलूप तुटलं ती. तिचं काय गेलं, त्या रात्री ती घरात होती का, आता तिला झोप लागते का, यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. मी दोष देत नाही. अशा पेचात माणसाला एकच दार दिसत राहतं, आणि तुम्हाला त्या आईचं दार दिसतंय. पण तुम्ही पत्रात पुन्हा पुन्हा ‘वस्तीचा विश्वास’ म्हणता, आणि ती म्हातारी बाईही त्याच वस्तीत राहते. दोन वर्षं तिनेही तुम्हाला गल्लीतून जाताना पाहिलं असेल. पोलीसबाई रोज येतात, आता एवढी भीती नाही, असं तिलाही वाटलं असेल. ती तुमच्याशी कधी बोलली नसेल, एवढाच फरक.

नाव द्यायचं की नाही, याच्याआधी मला हेच विचारावंसं वाटतं, की तुम्ही नेमका कोणाचा विश्वास राखताय? जे बोलतात त्यांचा विश्वास आपल्या डोळ्यांसमोर असतो. जे दाराआडून नुसते बघतात, त्यांचा हिशोब आपण सहज विसरतो.

आता एक कागद घ्या आणि तुम्हाला खरोखर जे माहीत आहे तेवढंच लिहा. एका मुलाच्या घरात त्याचे नसलेले फोन आहेत, असं त्याची आई म्हणते. एका बंद घराबद्दल कुजबुज झाली, असं तीच म्हणते. ते घर शाबूत आहे. फुटलं ते दुसरं. त्या घरफोडीशी या मुलाचा संबंध जोडणारा एकही धागा तुमच्या पत्रात मला सापडला नाही. संबंध असेलही. पण आज हातात आहे ते एका घाबरलेल्या आईचं बोलणं.

आणि ठाण्यात दिलेलं नाव कसं वाचलं जातं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तुम्ही म्हणणार, "याच्याकडे लक्ष असू द्या." ऐकणारा ऐकणार, "यानेच केलं." पहाटे गाडी येणार, अख्खी गल्ली खिडकीत उभी राहणार, आणि संध्याकाळपर्यंत त्या आईला कळणार की हे कुठून आलं. तेव्हा साहेब ज्या अर्थाने नाव मागताहेत, त्या अर्थाने द्यायला तुमच्याकडे नाव नाहीच. तुमच्याकडे माहिती आहे. नाव देणं आणि माहिती देणं यात जो फरक आहे, त्या फटीतच तुमची वाट आहे.

गप्प बसणं मात्र मला पटत नाही, तेही स्पष्ट सांगते. त्या आईने तुमच्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या: लिहू नका, आणि काहीतरी करा. पहिली तुम्ही जिवापाड पाळलीत. दुसरी राहिली. रात्री एकटीने चकरा मारणं म्हणजे ‘काहीतरी’ नव्हे. त्यात तुमच्या जिवाला धोका होता. तुम्ही तिथे आहात हे ठाण्यात कोणालाच माहीत नव्हतं, आणि मुलगा होता तिथेच राहिला. मोठ्या पोरांना सतरा वर्षांचा पोरगा बरोबर का हवा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. पकडलं गेलं तर तो पुढे, हे मागे. प्रत्येक शांत गेलेला आठवडा त्याला त्यांच्यात आणखी गुंतवतो.

माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्या चुकीसारखीच आहे. मी बरीच वर्षं एका ठाण्यातल्या समुपदेशन कक्षात बसत होते. चौदा वर्षांची एक मुलगी यायची. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची, आणि काही बोलायची नाही. चौथ्या खेपेला तिने विचारलं, "कोणाला सांगणार नाही ना?" ती बोलावी म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "नाही, मुळीच नाही." मग तिने जे सांगितलं, ते न सांगता ठेवणं मला शक्यच नव्हतं. तिच्या जिवाचा प्रश्न होता. मी सांगितलं, आणि तिची त्यातून सुटका झाली. पुढे ती एकदा भेटायला आली तेव्हा म्हणाली, "तुम्ही सांगितलंत त्याचं काही नाही. पण आधी म्हणायचं होतंत." तिचं बोट तेव्हा ओढणीत नव्हतं, ते सरळ माझ्याकडे होतं. त्या दिवसापासून कोणी तोंड उघडायच्या आत मी सांगत आले: हे ऐकून मी काय स्वतःपाशी ठेवू शकते आणि काय ठेवू शकत नाही. ऐकून काही जण उठून जातात. बहुतेक जण बसतात, आणि जे बसतात ते मोकळेपणी बोलतात, कारण पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असतं.

गणवेशातल्या माणसावर लोक विश्वास टाकतात तो बहुधा असा असतो. ती बाई गोड बोलते म्हणून नाही. ती काय करेल आणि काय करणार नाही, हे आधी कळतं म्हणून. तुम्ही त्या आईला दिलेला शब्द फार मोठा होता. तो तसाच्या तसा पाळता येणार नाही, आणि हे तिला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळायला हवं.

म्हणून साहेबांकडे जाण्याआधी तिच्याकडे जा. उद्याच, आणि मुलगा घरी नसताना. गल्लीत उभं राहून नको, ती म्हणेल तिथे. सांगा, "मी तुम्हाला कुठे लिहिणार नाही म्हटलं होतं. तसं म्हणायला नको होतं, ती माझी चूक. आता एक घर फुटलंय. तुमच्या मुलाने केलं असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण चोरीच्या फोनांबद्दल मला वरिष्ठांशी बोलावं लागेल. तुमचं नाव मी माझ्या तोंडून काढणार नाही. आणि मुलाला घेऊन तुम्ही स्वतः आलात तर मी तिथे असेन." एवढं बोलून थांबा. ती रडेल, चिडेल, दार लावून घेईल. लावू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेला त्या गल्लीतून जा.

‘तुमचं नाव काढणार नाही’ हे तेव्हाच म्हणा, जेव्हा तुम्हाला ते नक्की जमणार आहे. तुमच्याकडचा नियम काय, न्यायालयात माहिती देणाऱ्याबद्दल काय विचारलं जाऊ शकतं, हे आधी ठाण्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाला, कोणाचंही नाव न घेता, विचारून घ्या. जमणार नसेल तर जेवढं जमेल तेवढंच बोला. पहिलीच चूक दुसऱ्यांदा नको.

मुलाचं वय इथे फार महत्त्वाचं आहे. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार १८ वर्षांखालच्या व्यक्तीला मूल मानतो. मुलाची अटक हा शेवटचा उपाय असावा आणि तीही कमीत कमी काळासाठी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जवळजवळ सगळ्या देशांनी तो मान्य केला आहे, आणि मुलांची प्रकरणं हाताळायची वेगळी पद्धत बहुतेक ठिकाणी असते. आई स्वतः घेऊन आलेला मुलगा आणि पहाटे उचलून आणलेला मुलगा, यांचं पुढचं आयुष्य एकसारखं जात नाही. ही वेगळी पद्धत त्या आईला ठाऊक असण्याची शक्यता कमी. पोलिसाकडे गेलं की मुलगा आत, एवढंच तिला माहीत असणार. तिला ते समजावून सांगणं हे तुमचं काम आहे, आणि ते तुमच्याइतकं नीट दुसरं कोणी करणार नाही.

नंतर साहेब. "मला काही माहीत नाही" हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारू नका. खोटं उघड झालं की तुमचं यापुढचं खरंही कोणी धरणार नाही. जे आहे ते तसंच सांगा: "या घरफोडीबद्दल माझ्याकडे नाव नाही. वस्तीत चोरीचे वाटणारे फोन फिरताहेत, एवढी माहिती आहे. त्यात एक अल्पवयीन मूल असू शकेल. माहिती कोणी दिली ते मी उघड करू इच्छित नाही, कारण तसं केलं तर पुढची माहिती येणार नाही. तपास फोन विकत घेणाऱ्याकडून सुरू करू या." शेवटचं वाक्य नीट धरून ठेवा. चोरीचा फोन घेणारा कोणीतरी असतोच. प्रत्येक फोनला स्वतःचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो, आणि ज्यांचे फोन गेलेत त्यांच्या तक्रारी कुठल्या ना कुठल्या ठाण्यात पडून असतात. त्या बाजूने धागा धरून मागे आलात तर मोठ्या पोरांपर्यंत पोचता येतं, आणि त्या वाटेवर त्या आईचं घर लागत नाही. तरीही साहेबांनी मुलाबद्दल थेट विचारलं, तर खरं सांगा, आणि त्याच दमात त्याचं वय सांगा, आणि आई तयार झाली असेल तर ती त्याला घेऊन येणार असल्याचंही सांगा.

आता त्या म्हाताऱ्या बाईंकडे वळू या. माझ्या मते या सगळ्यात तुमचं सगळ्यात निकडीचं काम तिथे आहे. एकदा फुटलेलं घर लवकरच पुन्हा फुटण्याचा धोका इतर घरांपेक्षा जास्त असतो. चोराला वाट कळलेली असते, आणि नवीन वस्तू येणार हेही ठाऊक असतं. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावात कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तिथे घरफोड्यांनी कहर केला होता. पोलिसांनी आणि अभ्यासकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा तीच ती घरं पुन्हा पुन्हा फुटत असल्याचं दिसलं. वीज-गॅसच्या मीटरमध्ये नाणी टाकायची पद्धत होती, म्हणजे घराघरात रोकड भरलेली पेटी. ते मीटर काढले, फुटलेल्या घरांच्या कड्या-कुलपं पक्की केली, आणि त्या घराच्या आजूबाजूच्या पाच-सहा घरांनी त्याच्यावर नजर ठेवायची असं ठरवलं. पहिल्याच वर्षात घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या. यासाठी कोणाचंही नाव लागलं नाही. चोर कोण, याऐवजी वाट कुठली, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

तर बाईंच्या घरी जा. दाराची चौकट हाताने दाबून पाहा. बरेचदा कुलूप भक्कम असतं, पण ज्या फळीत कडी ठोकली आहे तीच भुसभुशीत झालेली असते. मागच्या बाजूला उजेड आहे का, आत शिरलेला माणूस कुठून दिसला असता आणि का दिसला नाही, ते बघा. शेजारच्या चार घरांना त्यांच्यादेखत विचारा, बाई बाहेर गेल्या तर कोण लक्ष ठेवेल. तपास पुढे सरको न सरको, काय चाललंय ते आठवड्याने स्वतः जाऊन सांगा. तक्रार देऊन आलेल्या माणसाला चोर सापडला नाही याचं दुःख असतंच, पण नंतर कोणी फिरकलंच नाही हे त्याहून जास्त लागतं. माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्यात मला शंका नाही.

‘समाजसेवा’ या शब्दाने तुम्ही दुखावला आहात, ते पत्रात ओळीओळीत दिसतं. इथे तुम्हाला खोटा धीर देणार नाही. नुसतं मिसळून राहिल्याने गुन्हे कमी होतात, असं अभ्यास म्हणत नाहीत. अमेरिकेत न्यूअर्क शहरात १९७०च्या दशकाच्या शेवटी पायी गस्तीचा प्रयोग झाला. लोकांची भीती कमी झाली, पोलिसांबद्दलचं मत सुधारलं, पण गुन्ह्यांच्या आकड्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. अलीकडे ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा अशा सहा देशांत लोकाभिमुख पोलिसिंगचा एकत्रित अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुन्हेही घटले नाहीत आणि विश्वासही वाढला नाही. अभ्यासकांनी दाखवलेली कारणं वाचताना मला तुमचंच पत्र आठवलं: वरिष्ठांना त्यात रस नव्हता, लोकांनी सांगितलेल्या अडचणींवर काही करायला साधनं नव्हती, आणि अधिकाऱ्यांच्या सारख्या बदल्या होत होत्या.

म्हणजे सहकारी अर्धं बरोबर बोलतात. ओळखी हे काम नाही. ओळखीतून कळलेल्या गोष्टीवर काही करणं हे काम आहे, आणि ते तुम्ही केलंही असणार. फक्त ते कुठे लिहिलेलं नसेल. घरात मारहाण होणाऱ्या बाईची तक्रार वेळेवर घेतली, अंधाऱ्या कोपऱ्यावर दिवा लावून घेतला, दोन घरांतलं भांडण हातघाईवर येण्याआधी मिटवलं. न घडलेल्या गुन्ह्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही. म्हणून जे केलं त्याची नोंद तुम्हीच ठेवा, तारखेसकट, आणि दर महिन्याला एक पान साहेबांच्या टेबलावर ठेवा. बाई आहात म्हणून वस्तीत पाठवायचं, आणि बाई करते म्हणून त्याला काम म्हणायचं नाही, असं बऱ्याच महिला पोलिसांच्या वाट्याला येतं. त्याला वाद घालून उत्तर देता येत नाही, कागदाने देता येतं.

बदलीबद्दल. वस्तीचा विश्वास तुमच्यावर आहे, ठाण्यावर नाही. हे ऐकायला अभिमानाचं वाटतं, पण चार महिन्यांनी हीच अडचण होणार आहे. साध्या कपड्यांत एकटीने फिरलात, तिथेही हाच गैरसमज होता, की हे माझं आणि त्यांचं आहे. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्या दशकाच्या शेवटी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि ठाण्यातले पोलीस नेमाने एकत्र बसत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे तोवर तिथून बदलून गेले होते. समित्या मात्र बसत होत्या.

तुमच्याकडे चार महिने आहेत, ते कमी नाहीत. आजपासून एकटीने फिरणं बंद करा आणि बीटमधल्या एका तरी सहकाऱ्याला रोज बरोबर घ्या, जो ‘समाजसेवा’ म्हणतो त्यालाच घेतलंत तर उत्तम. तो चुकेल, एखाद्या म्हाताऱ्याला अरे-तुरे करेल, तिथल्या तिथे पण एकांतात त्याला सांगा. पंधरा दिवसांतून एकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी बसा, लोकांच्या अडचणी लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीत आधी मागच्या अडचणींचं काय झालं ते सांगा. झालं नसेल तर नाही झालं म्हणा. एका वहीत जागांबद्दल लिहा: कुठला बोळ, कुठलं बंद घर, कुठल्या वेळी कोण एकटं असतं. माणसांची गुपितं त्यात नकोत, ती वही नंतर कोणाच्या हातात जाईल ते आपल्याला माहीत नसतं. नवीन माणूस आला की शेवटचे काही दिवस दारोदार त्याच्याबरोबर जा.

हे सदर वाचणाऱ्या शिक्षिका, परिचारिका आणि घरोघरी फिरणाऱ्या इतर बायकांचीही अशीच पत्रं येतात. एखादं मूल, एखादी सून काहीतरी सांगते आणि वर शपथ घालते. त्यांनाही मी हेच सुचवेन, की ऐकण्याआधी आपली मर्यादा सांगून टाका. आणि आधीच शब्द देऊन बसला असाल, तर तो मोडण्याआधी ज्याला दिला त्याच्याकडे परत जा.

ती आई मुलाला घेऊन ठाण्यात आली, तर त्या दिवशी तुमची ड्युटी नसली तरी या, आणि त्याला बसायला खुर्ची मिळेल एवढं बघा. आणि त्या म्हाताऱ्या बाईंच्या दाराची फळी बदलून झाली की मला दोन ओळी लिहा.